इद्वलनं न उघडलेलं तोंड

तर बारशाचं सांगायचं राहूनच गेलं. चॅपेलमध्ये बाळाच्या डोक्यावर पाणी शिंपडून झालं, मंडळी मागच्या खोलीत चहाला जमली, आणि बाळाच्या आईनं मोठ्या कौतुकानं ते गाठोडं इद्वलच्या हातात दिलं. आता म्हाताऱ्या माणसानं अशा वेळी काय करावं? गालाला बोट लावावं, आजोबांवर गेलाय म्हणावं आणि परत द्यावं. या गड्यानं डावा तळवा बाळाच्या मानेखाली घेतला, उजवा अंगठा खालच्या ओठावर ठेवला आणि ओठ अलगद खाली ओढला.

"हिरडी सरळ आहे," तो म्हणाला. "पोट भरील पोरगं."

त्याची बायको मार्गेड शेजारीच बशी घेऊन उभी होती. "आता कंबरही चाचपा," ती म्हणाली, "आणि मेंढरासारखा पाठीवर रंगाचा ठिपका मारून द्या सोडून."

बाळाचा बाप इद्वलचाच जुना चेला, त्यामुळं रागावला नाही. "किती गुण, मास्तर?" त्यानं विचारलं.

"सत्तेचाळीस."

सगळी खोली हसली, कारण सत्तेचाळीस ही इद्वलची शेवटची पायरी होती. पन्नासांपैकी सत्तेचाळीसच्या वर त्यानं चौतीस वर्षांत कुणाला चढू दिलं नव्हतं. अठ्ठेचाळीस पाद्रीबुवांसाठी राखून ठेवलेत म्हणायचा, एकोणपन्नास त्यांच्या बायकोसाठी, आणि पन्नास वरच्यासाठी, तेसुद्धा त्यानं कारणं नीट सांगितली तर.

मध्य वेल्सच्या त्या खोऱ्यात प्यू आडनावाची बावीस घरं. नुसतं इद्वल प्यू म्हटलं तर पोस्टमनसुद्धा सायकलवरून उतरून कोणता म्हणून विचारायचा. म्हणून माणसाला त्याच्या शेताच्या नावानं ओळखायचं. हा हावोदचा इद्वल. शाळा चौदाव्या वर्षी सुटली, ती सुद्धा त्यानं सोडली की मास्तरांनी, यावर दोन मतं होती. पुढं सगळा जन्म मेंढरांमागं गेला. पण खोऱ्यातल्या तरुण शेतकऱ्यांच्या मंडळानं एका हिवाळ्यात त्याला विचारलं, पोरांना जनावर पारखायला शिकवशील का, आणि तो हो म्हणाला. तेव्हापासून दर मंगळवारी, दूध काढून झालं की, हावोदच्या गोठ्यात पोरं जमायची.

रीत ठरलेली. चार मेंढ्या एका कुंपणात. त्यांना आकडे द्यायचे नाहीत, नाहीतर पोरं एक नंबरला पहिली ठेवतात. म्हणून अक्षरं, ए, बी, एक्स आणि वाय. आधी दहा पावलांवरून नुसतं बघायचं. मग आत जाऊन हात लावायचा, पाठीचा कणा, कंबर, मांड्या, लोकर, पाय. मग कार्डावर क्रम लिहायचा आणि कार्ड देऊन टाकायचं. आणि मग खरी परीक्षा. हात पाठीमागं बांधून, कागद न घेता, दोन मिनिटांत तोंडी सांगायचं की ही हिच्या वर का, आणि ती तिच्या खाली का. क्रमाला पन्नास गुण, कारणांना पन्नास.

इद्वल उलट्या बादलीवर बसून डोळे मिटून ऐकायचा. "मेंढी मी बघितलीय," म्हणायचा. "आता डोळे मिटल्यावर ती मला परत दिसली पाहिजे. नाही दिसली तर तू नुसताच बोलतोयस." पोराचं कुठं चुकलं की त्याचा एक डोळा उघडायचा. दोन्ही उघडले की समजायचं, घरी जा. एकदा एका पोरानं मेंढीच्या 'भारदस्त व्यक्तिमत्त्वाचं' वर्णन केलं, तेव्हा इद्वल बादलीवरून उठून बाहेरच गेला आणि भिंतीला पाठ लावून हसत उभा राहिला.

आणखी एक शिस्त होती. जिला खाली घातलं तिच्यातलं चांगलं आधी कबूल करायचं. "हरलेल्या मेंढीलाही मालक असतो, आणि तो बहुधा तुमच्या मागंच उभा असतो," असं त्याचं म्हणणं.

पण या सगळ्याच्या वर एक गोष्ट. तोंड. मेंढीला वरच्या जबड्यात पुढं दात नसतात, नुसती हिरडीची कडक गादी असते. खालचे दात त्या गादीला बरोबर टेकले तर डोंगरावरचं बोटभर गवत खुडलं जातं. दात गादीच्या पुढं गेले की हिरव्या डोंगरावर मेंढी उपाशी. उन्हाळ्यात गवत उंच असतं तेव्हा कळत नाही. मेंढी गुबगुबीत दिसते. फेब्रुवारीत कळतं, आणि तेव्हा पोटात कोकरू असतं. लोकरीखाली काहीही लपतं, पण ओठ खाली केला की लपत नाही. "आधी तोंड उघडा," इद्वल सांगायचा. "मेंढी राणीच्या घरची असो, आधी तोंड." हे वाक्य त्या खोऱ्यातल्या दोन पिढ्यांना 'आमच्या बापा' या प्रार्थनेच्याही आधी पाठ झालं.

पेनलानच्या एमिरची पोरगी हेलेद मंगळवारी यायला लागली तेव्हा चौदा वर्षांची होती. आली ती भाऊ रीसच्या मागून, त्याचे बूट कुणीतरी चिखलातून सांभाळायला हवेत म्हणून. पहिल्याच दिवशी नऊ पोरांनी एक क्रम लावला आणि हिनं बरोबर उलटा. इद्वलनं विचारलं, "तुला नऊ जणांपेक्षा जास्त दिसतं का गं?"

"नाही, मास्तर. पण ते नऊ जण एकमेकांकडं बघत होते. मेंढीकडं मी एकटीच बघत होते."

इद्वलनं डोळे मिटले. दोन मिनिटं ते मिटलेलेच राहिले. त्या दिवशी हेलेदला एकेचाळीस मिळाले आणि रीसनं परत यायचं बंद केलं.

तीन हिवाळे ती आली. एमिरला हे फारसं पसंत नव्हतं, म्हणजे विरोध नव्हता, पण पोरगी शिकून काय करणार, शेत तर रीसचं. एमिर माणूस वाईट नव्हता. त्याच्या बापानं त्याला जे सांगितलं तेच त्यानं पुढं सांगितलं, मधल्या मधे काही घातलं नाही की काढलं नाही. तरीही एकदा बाजाराच्या दिवशी, चहाच्या टपरीपाशी, चार माणसांसमोर हेलेदनं त्याला पकडलं. सप्टेंबरच्या बाजारात पेनलानसाठी नवा मेंढा घ्यायचा होता. मेंढा म्हणजे कळपाची पुढची पाच-सहा वर्षं. ती म्हणाली, यंदा मेंढा मी निवडते.

चारही माणसं हसली. एमिरही हसला, आणि हसता हसता शब्द देऊन बसला. "जिल्ह्याच्या संघात ये," तो म्हणाला. "संघात आलीस तर मेंढा तू निवड. नाही आलीस तर रीस निवडील, आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही."

जिल्ह्याचा संघ म्हणजे चार पोरं. मे महिन्यात जिल्ह्याची स्पर्धा, त्यातली पहिली चार जुलैत मोठ्या जत्रेला देशभरच्या पोरांसमोर उभी राहायची. हेलेद तेव्हा सतरा पुरी होत आली होती. अठराखालच्या गटातलं हे तिचं शेवटचं वर्ष. साल त्र्याऐंशी.

त्याच वर्षी इद्वलनं मंगळवार बंद केले. सत्तरी उलटली होती, गुडघा दगा द्यायला लागला होता. आणि मंगळवार बंद केले म्हणूनच जिल्ह्याच्या मंडळानं त्याला मेंढ्यांचा मुख्य परीक्षक नेमलं. आजवर नेमता येत नव्हतं, कारण त्याचेच चेले समोर असायचे. आता तो कुणाचाच मास्तर नव्हता, निदान कागदावर. मार्गेडनं त्याचा एकुलता एक टाय इस्त्री केला आणि बजावून सांगितलं, "तिथं कुणाला ओळख दाखवायची नाही. पोरांना नुसते नंबर असतात."

"माहीत आहे मला."

"आणि कुणाच्या बाळाचं तोंड उघडायचं नाही."

स्पर्धेच्या दिवशी सकाळी आठला तो कुंपणात एकटा गेला. नियमच तसा. परीक्षकानं आधी एकट्यानं चार मेंढ्या बघायच्या, आपला क्रम कागदावर लिहायचा, पाकिटात घालायचा आणि पाकीट बंद करून चिटणीसबाईंच्या हातात द्यायचं. मग पोरं सोडायची. चारही मेंढ्या पांढऱ्या तोंडाच्या, डोंगरी, वेगवेगळ्या शेतांवरून मागून आणलेल्या. सकाळ स्वच्छ होती. इद्वल खुशीत होता, शीळ घालत होता, आणि गुडघाही त्या दिवशी गप्प होता.

त्यानं वायचं तोंड उघडलं. बीचं उघडलं. एक्सचं उघडलं. मग ए कडं वळला. तिचं डोकं धरायला हात पुढं केला तो कानावर पडला, आणि बोटांना खाच लागली. उजव्या कानाच्या टोकाला चौकोनी खाच, डाव्याच्या मागच्या कडेला अर्धा चंद्र. त्या डोंगरात प्रत्येक शेताची कानाची खाच वेगळी, बाप-आज्यापासून चालत आलेली. ही ब्लाएनकुमची.

ब्लाएनकुमचा ग्विलिम म्हणजे इद्वलचा जिवाचा दोस्त. चाळीस वर्षं दोघांनी एकमेकांच्या मेंढ्या कातरल्या होत्या. ऑक्टोबरात ग्विलिम फाटकात उभा राहायचा आणि आत येणाऱ्या प्रत्येक मेंढीचा ओठ खाली करून बघायचा, सहाशेच्या सहाशे. केसभर फरक दिसला की मेंढी बाजूला. "हिची लोकर बघ की रे," इद्वल म्हणायचा. "लोकर चरते का?" ग्विलिम म्हणायचा. त्याच्या कळपात वाकडं तोंड शोधणं म्हणजे चॅपेलात दारूची बाटली शोधण्यासारखं.

इद्वल त्या खाचेवरून अंगठा फिरवत थोडा वेळ उभा राहिला. "काय गं, म्हातारा कसा आहे?" त्यानं मेंढीला विचारलं. मग तिच्या पाठीवर हात ठेवला. काय पाठ होती. रुंद, सरळ, कंबर भरलेली, मांड्या खालपर्यंत उतरलेल्या. चारांत उजवी. त्यानं कागदावर लिहिलं, ए, एक्स, बी, वाय. पाकीट चाटून बंद केलं आणि चिटणीस टेगवेनबाईंना दिलं. त्यांनी त्यावर सही केली, तारीख घातली आणि पत्र्याच्या डब्यात टाकलं.

दहापासून कारणं सुरू झाली. इद्वल एका लाकडी खोलीत खुर्चीवर बसला. बादली मागितली होती, पण ती शोभणार नाही म्हणाले. पांढरा डगला घातलेलं पोर आत यायचं, नंबर सांगायचं, दोन मिनिटं बोलायचं, जायचं. इद्वल गुण लिहायचा आणि दारातला स्वयंसेवक तो कागद लगेच घेऊन जायचा. नऊ नंबरला गेरेंट नावाचा एक पोरगा आला. त्यानं ए ला पहिली ठेवली होती आणि बराच वेळ तिच्या देखण्या चेहऱ्याबद्दल बोलला. "तोंड तर असं आहे, साहेब, की फोटो काढून भिंतीवर लावावं." इद्वलचा एक डोळा तेव्हा उघडला. चेहऱ्यावर गुण नसतात. त्यानं सव्वीस लिहिले.

एकवीस नंबर आत आला आणि ती हेलेद होती.

"सुप्रभात, परीक्षक साहेब," ती समोरच्या भिंतीकडं बघत म्हणाली. तीन हिवाळे ज्या माणसाच्या गोठ्यात शेण तुडवलं त्याला तिनं साहेब म्हटलं, आणि इद्वलला हसू आलं ते त्यानं मिशीत दाबलं. डोळे मिटले.

"या डोंगरी मेंढ्या मी एक्स, बी, वाय, ए अशा लावल्या आहेत," हेलेदनं सुरुवात केली.

इद्वलच्या पापण्या हलल्या, पण त्यानं त्या मिटलेल्याच ठेवल्या.

तिनं एक्स सांगितली आणि एक्स त्याच्यासमोर उभी राहिली, एक पाय किंचित बाहेर टाकणारी. बी सांगितली, तिची आखूड मान, तिचे घट्ट पाय. वायची पातळ लोकर. एक शब्द जास्त नाही. मग ती ए वर आली. "ए ची पाठ चारांत सर्वांत रुंद आहे हे मी मान्य करते. कंबर आणि मांड्याही तिच्याच सर्वांत भरलेल्या आहेत हे मान्य करते. या चारांना नुसतं कुंपणाबाहेरून बघायचं असतं तर मी ए पहिली ठेवली असती. पण मी तिचं तोंड उघडलं. तिचे खालचे दात गादीला टेकत नाहीत, गादीच्या पुढं येतात. डोंगरावरच्या गवतावर ही मेंढी हिवाळा काढणार नाही, आणि हे तिच्या कोकरांत उतरेल. म्हणून ती शेवटी."

इद्वलनं दोन्ही डोळे उघडले.

हेलेदनं ते बघितलं. दोन्ही डोळे उघडले की काय, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं. तिचा चेहरा पडला, पण ती हलली नाही.

परीक्षकाला एक प्रश्न विचारायची मुभा असते. "किती पुढं येतात?" इद्वलनं विचारलं.

"माझ्या करंगळीचं अर्धं नख, साहेब."

"बरं. जा."

ती गेली. इद्वलनं कागदावर पन्नास लिहिले. ते लिहिताना त्याला पाद्रीबुवाही आठवले नाहीत आणि वरचाही. स्वयंसेवकानं कागद नेला. त्यानंतर दहा पोरं आली आणि गेली. त्यांनी काय सांगितलं ते इद्वलला देवाशप्पथ पुढं कधी आठवलं नाही. त्यांना गुण मात्र त्यानं नीट दिले असावेत, कुणी तक्रार केली नाही.

कारणं संपल्यावर तो सरळ कुंपणात गेला. ए कोपऱ्यात रवंथ करत होती. त्यानं तिची हनुवटी धरली, अंगठा ओठावर ठेवला आणि ओठ खाली केला. नुसतं बघितलं नाही, बोट लावून बघितलं. करंगळीचं अर्धं नख. जास्तच, तिळभर.

मग त्याला एकेक उलगडत गेलं. ग्विलिमचं कमरेचं हाड मोडलं त्याला दोन वर्षं झाली होती. तो आता मुलीकडं शहरात राहत होता, खिडकीतून बसथांबा बघत. ब्लाएनकुमला नवा माणूस आला होता, चांगला होतकरू, पण मेंढरांत नवखा. मेंढ्या मात्र त्याच. तिथला नियमच तो. डोंगराची मेंढी डोंगराबरोबर जाते, माणूस बदलला तरी कळप तिथंच राहतो आणि कानाची खाचही तीच राहते. दोन वर्षांत फाटकात उभं राहून ओठ खाली करणारं कुणी नव्हतं. हे इद्वलला ठाऊक नव्हतं असं नाही. ग्विलिमला भेटायला दर महिन्याला तोच तर बस धरून जायचा. पण सकाळी बोटांना खाच लागली तेव्हा फाटकात ग्विलिम उभा आहे असंच त्याला वाटलं होतं.

तो टेगवेनबाईंकडं गेला. बाई लांब टेबलामागं बसून बेरजा तपासत होत्या, शेजारी मनुकांच्या पावाचं ताट.

"टेगवेन, माझं पाकीट चुकलं. ए शेवटी हवी."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "पाकीट फुटलं, इद्वल. क्रमाचे गुण सगळ्यांचे लावून झाले."

"परत लावा. मी मदत करतो."

"तुम्ही मदत करणार. आणि कुणी सांगितलं तुम्हाला की चुकलं?"

इद्वलनं पावाच्या ताटाकडं बघितलं.

"एकवीस नंबरनं सांगितलं," टेगवेनबाई म्हणाल्या. त्यांनी त्याचाच कागद उचलून त्याच्यासमोर धरला. "हे पन्नास बघून मी आधीच घाबरलेय. तुम्ही पन्नास देता? एकवीस नंबर कोण आहे ते मला माहीत नाही असं समजू नका. आता त्याच पोरीसाठी परीक्षकानं फुटलेलं पाकीट बदललं, तर संध्याकाळपर्यंत तिला सगळा जिल्हा काय म्हणेल? आणि एक आठवतं का, मागं एका परीक्षकानं भाच्यासाठी पाकीट बदललं होतं तेव्हा, बंद झालेलं पाकीट बदलायचं नाही असा ठराव कुणी मांडला होता?"

"मीच."

"टेबलावर मूठ आपटून. माझा कप फुटला होता."

मग टेगवेनबाईंनी त्याला पावाचा एक तुकडा दिला, लोणी लावून. त्या कठोर बाई नव्हत्या. त्यानं तो हातात धरला आणि तसाच बाहेर आला.

बारा वाजता निकाल. परीक्षकानं ध्वनिक्षेपकावर आपला क्रम सांगायचा आणि का ते समजवायचं. इद्वल उंच पायरीवर चढला. समोर पांढऱ्या डगल्यांची पोरं, त्यांचे आईबाप, कुत्री, आणि मागं जुने चेले, काही आता टकले झालेले. सगळे आधीच हसऱ्या तोंडानं बघत होते. इद्वल बोलणार म्हणजे मेजवानी.

"मी ए ला पहिली ठेवली," तो म्हणाला. "ए चं तोंड वाकडं आहे. मी ते उघडून बघितलं नाही."

अख्खं मैदान हसलं. मागून कुणीतरी ओरडलं, "मास्तर, आधी तोंड!" आणि हशा दुप्पट झाला.

"मी थट्टा करत नाही," इद्वल म्हणाला. "चौतीस वर्षं तुम्हाला जे सांगितलं ते मी आज केलं नाही."

आता टाळ्यासुद्धा पडल्या. लोकांना वाटलं, म्हातारा पोरांना धडा देतोय, आणि किती गमतीनं देतोय. बाप पोरांना कोपरानं ढोसत होते, ऐक, ऐक. नवीन मालक बिचारा, ब्लाएनकुमचा, तोही हसत होता. इद्वलनं आणखी एकदा तोंड उघडलं आणि मिटलं. टेगवेनबाईंनी ध्वनिक्षेपक हळूच काढून घेतला आणि नावं वाचली. चौथा गेरेंट, क्रमाचे पन्नास आणि कारणांचे सव्वीस, एकूण शहात्तर. पाचवी हेलेद. कारणांचे पन्नास, क्रमाचे चोवीस. चौऱ्याहत्तर.

एमिर आपल्या जीपच्या मागच्या फळीवर बसून चहा पीत होता. इद्वल लंगडत त्याच्याकडं गेला. गुडघा आता बोलायला लागला होता.

"एमिर, पोरीनं बरोबर बघितलं. चूक माझी आहे."

"ऐकलं की. बेस झालं भाषण."

"ते भाषण नव्हतं. खरंच चूक झाली."

एमिरनं पेला खाली ठेवला आणि त्याच्याकडं नीट बघितलं. त्याला पटलं असावं, कारण चेहऱ्यावरचं हसू गेलं. "बरं," तो शेवटी म्हणाला. "पण संघात आहे का ती?"

"नाही."

"मी संघ म्हणालो होतो. चार माणसं होती तिथं. रीसलाही तेच सांगितलंय, घरी जेवताना."

"मेंढा कळपासाठी घ्यायचा, एमिर, रीससाठी नाही. ज्या पोरीला आज जे दिसलं..."

"मास्तर," एमिर म्हणाला. तोही एके काळी मंगळवारी यायचा, फार वर्षांपूर्वी, दोन महिने. "परीक्षक म्हणेल ते शेवटचं, मग पटो न पटो, हे मला कुणी शिकवलं? मला बत्तीस दिले होते तुम्ही. मी काही बोललो होतो का?"

इद्वलला ते बत्तीस आठवेनात. त्याला एमिर गोठ्यात उभा असलेलाच आठवेना. हातातला पाव केव्हाचा चुरगळला होता, तो त्यानं एमिरच्या कुत्र्याला घातला.

हेलेद आली तेव्हा तिनं डगला काढून घडी करून हातावर घेतला होता. ती रडली नव्हती. एमिर पुढं जाऊन गाडीत बसला आणि त्यानं काच वर केली. तेवढं त्याला कळत होतं.

"मास्तर," ती म्हणाली. त्या दिवशी पहिल्यांदाच. "मगाशी तुम्ही डोळे उघडलेत तेव्हा मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं."

"तुझं काही चुकलं नाही."

"दात दिसले तेव्हा वाटलं, हे तुम्ही बघितलंच असणार. मग तिचा कान दिसला. ब्लाएनकुमचा." ती थांबली, डगल्याची घडी पुन्हा नीट केली. "मग वाटलं, नसेलही बघितलं."

इद्वलनं हातावरचे पावाचे कण झटकले.

"कार्डावर मी आधी ए पहिली लिहिली होती," हेलेद म्हणाली. "म्हटलं, मास्तर तिलाच पहिली ठेवणार. मग खोडली. वेळ संपायला अर्धं मिनिट होतं." गाडीचं इंजिन सुरू झालं. ती दाराकडं वळली आणि परत फिरली. "खोडली नसती तर, मास्तर?"

सत्तर वर्षं ज्याला कधी शब्द कमी पडला नव्हता त्या माणसानं टायची गाठ सैल केली. मग म्हणाला, "तर आज संघात असतीस, पोरी. सप्टेंबरात मेंढाही तूच निवडला असतास. याच्यापुढं काय सांगू, मला काही सुचत नाही."